शुभ बोल, नाऱ्या

तात्यांचं रेशनकार्डावरचं नाव वेगळंच आहे, पण लासुर्ण्यापासून जंक्शनपर्यंत त्यांना नाऱ्यातात्याच म्हणतात. 'शुभ बोल नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली' ही म्हण हिंडताफिरताना बघायची असेल, तर त्यांना वास्तुशांतीला बोलवावं. नाही बोलवलं तरी ते येतातच.

बारामतीच्या एमआयडीसीत सेफ्टी खात्यात नोकरी झाली. रिटायर झाले, तिथला भोंगा मागं राहिला, हा भोंगा मात्र गावात आला.

परवा उसाच्या बिलावर उठलेल्या एका दुमजली बंगल्याची वास्तुशांती होती. पाहुणे फरशी बघत होते, तात्या वरच्या खिडकीचं ग्रिल हलवत होते.

"पक्कं आहे," ते म्हणाले.

मालक फुलले. "चोराची छाती नाही व्हायची, तात्या!"

"चोराचं सोडा. जिन्यात धूर भरला तर तुम्ही कुठनं बाहेर पडणार? एक ग्रिल आतून उघडणारं करा. अन् किल्ली तिथंच खिळ्याला. कपाटात नको."

मालकाच्या आईनं देवाला हात जोडले आणि तात्यांच्या हातात शिऱ्याची वाटी दिली. शिरा तोंडात असेपर्यंत माणूस बोलत नाही, असा तिचा हिशोब. तात्या वाटी घेऊन थेट स्वयंपाकघरात गेले आणि खाली बसून सिलिंडर वाचू लागले. कड्याखालच्या पट्टीवर आतून एक अक्षर असतं आणि एक आकडा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर, आकडा सालाचा. तिथवर टाकीच्या तपासणीची मुदत. बायकांनी यावर उपाय काढलाय: सिलिंडरला झालरीचं कव्हर. तात्या झालर वर करतात.

पण त्यांचा खरा जीव फ्यूजमध्ये. एका घरी किटकॅट उपसलं, तर आत जळक्या मोटारीच्या वाइंडिंगची तार, चार पदरी पीळ घालून.

"आता फ्यूज जातच नाही बघा," घरधनी कौतुकानं म्हणाला.

"फ्यूज जायचा नाही. घर जाईल."

मग खिशातून तंबाखूची डबी निघाली. तात्या तंबाखू खात नाहीत. डबीत फ्यूजची बारीक तार, रबरी रिंगा आणि एक टेस्टर असतो.

14 एप्रिलला सकाळी गाव जयंतीच्या मिरवणुकीची तयारी करत असतं. तात्या पारावरच्या पोरांना 1944 साली त्याच तारखेला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकीन जहाज कसं उडालं, किती बंबवाले गेले, ते सांगतात. एका बोटीत कापूस आणि दारूगोळा शेजारी शेजारी भरला होता, यावर त्यांचा आजही विश्वास बसत नाही. सांगून झालं की मिरवणुकीच्या जनरेटरला हात लावून बघायला निघतात.

एकाच जागी मी त्यांना गप्प बघितलंय. हंगामात ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या पडतात; पाचटाची भिंत, वर ताडपत्री, आतच चूल. आग लागली, तर बारामतीहून बंब येईतो राख उरते. तिथं व्याख्यान नाही. घरचा निळा बॅरल सायकलला बांधून आणतात, हापशावरून भरून ठेवतात, निघतात. काकू दरवर्षी बॅरल कुठं गेला म्हणून ओरडतात.

यंदा तुकोबांची पालखी बेलवाडीचं रिंगण आटोपून गावात आली. एका दिंडीचा ट्रक झाडाखाली उभा, शेगडीवर पिठलं रटरटत होतं. तात्या वाटीत साबणाचा फेस आणि दाढीचा ब्रश घेऊन हजर.

"माउली, अठरा वर्षं दिंडीचा स्वयंपाक करतोय मी," आचारी म्हणाला.

"हो माउली. एकच मिनिट."

रेग्युलेटरभोवती फेस लावला. काही नाही. आचारी हसला. तेवढ्यात खालच्या कडेला एक बुडबुडा आला. वाटाण्याएवढा, मग बोराएवढा, मग फुटला. त्याच्या जागी दुसरा. आचाऱ्यानं न बोलता बटण फिरवलं. रेग्युलेटर काढला, तर आतली रिंग चिरलेली. तंबाखूची डबी उघडली, नवी रिंग बसली, पुन्हा फेस. या वेळी बुडबुडा नाही.

आचाऱ्यानं उपरणं सावरून त्यांच्या पायांना हात लावला. वारीतली रीत, म्हणून तात्याही त्याच्या पायांना हात लावायला वाकले. आचारी उभा राहिला. तात्या वाकलेलेच.

"माउली," खालूनच आवाज आला, "ही वायर ट्रकच्या चाकाखालनं कुठं चाललीय?"