नाव नीट घ्या!

दसऱ्याला प्रोफेसरकाकांकडे सोनं द्यायला जाणं म्हणजे तोंडी परीक्षेला बसणं. आपण पान हातावर ठेवून वाकावं, तर काका ते चष्म्याशी नेऊन उलटंपालटं करतात. "मोठं आहे, पातळ आहे. आपटा नव्हे हा, कांचन! फसवलं तुला फुलवाल्यानं." काकूंनी दिलेली वडी आपल्या हातात तशीच. दोन्ही झाडांची प्रजाती बाउहिनियाच, नाव बाउहिन बंधूंवरून, पानाच्या दोन पाळ्या म्हणजे थोरला जाँ आणि धाकटा गास्पार, एवढं ऐकून झाल्याशिवाय ती तोंडात जात नाही.

"नाव नीट घ्या" हे काकांचं पालुपद. निवृत्त होऊन वर्षं लोटली, तरी वर्ग सुटलेला नाही. सोसायटीतल्या ताम्हणाला पाटी लावायची ठरली, तेव्हा भर उन्हात पेंटरचं स्टूल धरून उभे. "लॅगरस्ट्रोमियाचं पहिलं अक्षर मोठं, स्पेसिओसाचं लहान. आणि तिरकं काढ!" पेंटर म्हणाला, "साहेब, लोक म्हणतील हात थरथरतो माझा." तरी काढलं बिचाऱ्यानं. पण मग सवयीनं नावापुढे स्वतःचं नाव टाकलं आणि काका कळवळले. "अरे, तिथं झाडाला नाव देणाऱ्याचं नाव येतं! कंसात लिनिअस, पुढे पर्सून. तू कुठून आलास?" ती पाटी पुसून पुन्हा रंगवली. पेंटरला दुप्पट पैसे अर्थातच काकांच्या खिशातून.

असा हा नियमांचा पक्का माणूस एकाच ठिकाणी अडतो. बाभूळ! तिचं पिढ्यान्‌पिढ्यांचं अकेशिया हे नाव २००५ साली व्हिएन्नाच्या वनस्पतीशास्त्र परिषदेत ऑस्ट्रेलियाच्या झाडांकडे गेलं आणि २०११ साली मेलबर्नला त्यावर शिक्कामोर्तब झालं. आपली बाभूळ झाली व्हॅचेलिया, खैर झाला सेनेगालिया. "म्हणजे मूळ मालकालाच घराबाहेर काढलं की!" विषय निघाला की काकांचा चहा निवतो. वहीत त्यांनी नवं नाव लिहिलंय, पण पेन्सिलीनं.

परवा काकू वैतागून म्हणाल्या, "नाव काही का असेना, काटे तेवढेच आहेत ना तिला?"

काकांनी कप खाली ठेवला. "काटे कुठले? उपपर्णं आहेत ती, रूपांतर झालेली. खैराचे निराळे. म्हणून तर दोघांना वेगळं काढलं, आणि ते बरोबरच..."

काकू नुसत्या बघत राहिल्या. काकांनी घाईघाईनं बिस्किटांचा डबा मागितला.