मनोरीच्या वाळूत सूर्यमाला कशी मांडावी
(नव्याने रुजू झालेल्या विज्ञान शिक्षकांसाठी)

अभिनंदन! मालाड स्टेशन, मार्वेची बस आणि खाडी ओलांडणारी बोट एवढं पार करून वर्गात वेळेवर पोहोचणाऱ्याला ग्रहांचं वेळापत्रक अवघड जाऊ नये.

आधी भिंतीवरचा तक्ता उतरवा. त्यात आठही ग्रह लग्नाच्या पंगतीला बसावेत तसे सूर्याला खेटून बसलेत. दोष चित्रकाराचा नाही, कागदाचा आहे. आकार खरे काढले तर अंतरं मावत नाहीत आणि अंतरं खरी काढली तर ग्रह दिसत नाहीत. तुमच्याकडे मात्र समुद्रकिनारा आहे.

साहित्य: सोललेला नारळ, बारा सेंटिमीटरचा. हा सूर्य. या मापाने पृथ्वी म्हणजे बारीक मोहरीचा दाणा, नारळापासून १३ मीटरवर. तेवढ्याच आकाराचा शुक्र ९ मीटरवर. मंगळ हा रव्याचा कण, २० मीटरवर. गुरू भिजवलेल्या काबुली चण्याएवढा, ६७ मीटरवर. शनीला वाटाणा चालेल, पण १२३ मीटर चालावं लागेल. युरेनस आणि नेपच्यून या दोन मिऱ्या, अनुक्रमे सुमारे २५० आणि ३९० मीटरवर. बुध वाळूच्या कणाएवढा आहे. तो वाळूत ठेवू नये, सापडत नाही. एका विद्यार्थ्याच्या तळहातावर द्या आणि शिंकू नकोस म्हणून बजावा.

नेपच्यूनसाठी वर्गातला सर्वात दंगेखोर मुलगा निवडावा. तो ३९० मीटर लांब गेला की पाठ शांततेत होतो.

चंद्र मोहरीपासून साधारण सव्वातीन सेंटिमीटरवर येतो, म्हणजे दोन बोटं. माणूस प्रत्यक्ष जाऊन पाय ठेवून आला तो एवढ्याच अंतरावर. सर्वात जवळचा सूर्यासारखा तारा कुठे ठेवायचा, असं कुणी विचारलं तर दुसरा नारळ घेऊन त्याला बँकॉकच्या पुढे पाठवावं लागेल.

आता मुहूर्त. इथे नवखे शिक्षक हटकून फसतात. पौर्णिमेला मुलांना दुपारी किनाऱ्यावर नेतात आणि ऐन बारा-साडेबाराला उधाणाचं पाणी गुरूपर्यंत येतं. कोळीवाड्यातल्या कुठल्याही मुलाला विचारलं असतं तर त्याने आधीच सांगितलं असतं. हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराला सुकती. शाळेच्या वेळेत वाळू मोकळी हवी तर अष्टमी धरा, तीही शुद्ध पक्षातली. का, ते पुढे येईल.

वर्गात दोन प्रश्न नक्की येतात. पहिला, ‘सर, राहू-केतू कुठे ठेवायचे?’ मुलाला गप्प बसवू नका, प्रश्न चांगला आहे. चंद्राचा मार्ग सूर्याच्या मार्गाला जिथे छेदतो ते हे दोन बिंदू. ग्रहणं त्यांच्या आसपासच होतात. बिंदूंना वाटाणा लागत नाही.

दुसरा प्रश्न प्लूटोचा. २००६ साली आंतरराष्ट्रीय खगोल संघाने त्याला ग्रहांच्या यादीतून काढलं, हे पुस्तकात मिळेल. तिथेच थांबू नका. व्यंकटेश बापूजी केतकरांनी १९११ साली नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत असं गणिताने मांडलं आणि त्यांना ब्रह्मा आणि विष्णू अशी नावं दिली. त्यातल्या एकाचं अंतर त्यांनी पृथ्वीच्या अंतराच्या सुमारे ३९ पट काढलं होतं. १९३० साली प्लूटो सापडला तो साडेएकोणचाळीस पटीवर. हा योगायोग होता का, यावर वाद घालायला मुलांना पूर्ण तास द्यावा, असं माझं मत आहे.

शून्य सावलीचा प्रयोग योजू नये. मनोरीवर सूर्य नेमका डोक्यावर येतो तो मेच्या मध्याला, म्हणजे सुट्टीत, आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस, म्हणजे ढगांत. खगोल आणि शिक्षण खातं यांचं आजवर जमलेलं नाही.

शुद्ध अष्टमीला चंद्र दुपारी बाराच्या सुमारास उगवतो. तीन-चारच्या सुमारास मुलांना एक हात सूर्याकडे आणि दुसरा चंद्राकडे करायला लावा. हातांमध्ये काटकोन होतो. भरती-ओहोटीपुरतं पाहिलं तर समुद्राला सूर्यही ओढतो, चंद्राच्या निम्म्याहून थोड्या कमी जोराने. आज दोघं काटकोनात ओढतायत, म्हणून पाणी फारसं चढत नाही की फारसं उतरत नाही. मागच्या बाकावरचा कुणीतरी म्हणेल, ‘हां, भांगाचं पाणी.’ त्याला हे चौथीपासून ठाऊक आहे. कारण तेवढं आज कळलं. प्रगतिपुस्तकात त्याला विज्ञानात काय गुण आहेत ते पाहून घ्या आणि थोडे ओशाळा.

सामान गोळा करताना मोहरी शोधत बसू नये. नारळ मात्र फोडून वाटावा. खऱ्या सूर्याला अजून पाचशे कोटी वर्षं आहेत, मुलांना तेवढा धीर निघत नाही.