विचारलं तेवढंच

न केलेला गुन्हा कबूल करण्याची कला आमच्या घराण्यात पिढीजात आहे. एसटीत तिकीट तपासनीस चढला, की तो आमच्या सीटपर्यंत पोचायच्या आत वडील उभे राहून सांगत, "तिकिटं आहेत साहेब, जरा चुरगळलीत. आणि हा धाकटा दिसतो थोराड, पण अजून अर्ध्या तिकिटातच बसतो." मग तपासनीस माझ्याकडे निरखून बघे. तोवर त्याला माझ्या वयाचा कसलाही संशय आलेला नसे.

असलं रक्त अंगात असताना माणसाने बंदूक हातात घेऊ नये. पण मिनेसोटात ऑक्टोबर उजाडला, की निम्मं ऑफिस बदकांच्या मागे जातं आणि जाताना उरलेल्यांना ओढून नेतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाढलेल्या माझ्या पिढीला शिकार ठाऊक ती जिम कॉर्बेटच्या पुस्तकांतली. इथे ती परवान्याने, नियमांच्या पुस्तिकेसकट करतात. परीक्षा द्यायची सवय असल्यामुळे ती पुस्तिका मी पाठच केली. दिवसाला सहा बदकं, त्यात मॅलार्ड चारच, त्यांतही माद्यांचा हिशेब वेगळा. गोळी झाडायची ती सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तापर्यंत. शिशाचे छर्रे १९९१ पासून बंद. बंदुकीत तीनच्या वर काडतुसं मावताच कामा नयेत. घरी नेताना पक्ष्याचं डोकं किंवा एक पंख पिसांसकट ठेवायचा, म्हणजे जात ओळखता येते. हे सगळं ठीक. पण पहाटेच्या करड्या उजेडात डोक्यावरून सुसाटत गेलेलं बदक नर की मादी, हे क्षणात ओळखायचं असतं. मला लग्नात आपली मावशी कोण आणि तिची जाऊ कोण, हे जेवणाच्या पंगतीपर्यंत कळत नाही.

मला नेणारा ऑफिसातला मित्र मितभाषी. आदल्या रात्री त्याने एकच उपदेश केला. "वॉर्डन आला तर बंदूक रिकामी कर, नळी दुसरीकडे वळव. परवाना, बदकं, बंदूक मागितली तर दाखवायचीच. बाकी विचारलं तेवढंच सांग, आणि खरं सांग. नको वाटलं तर 'वकिलाशी बोलतो' म्हण, तो तुझा हक्क आहे." एकदा त्याच्याकडून धुक्यात हद्दीबाहेरचं एक बदक पडलं होतं. त्याने ते चिखलात न दडपता स्वतः फोन करून अधिकाऱ्याला बोलावलं आणि समज मिळून सुटला. स्थलांतरित पक्ष्यांचा १९१८ चा कायदा हेतू विचारत नाही. चुकून मोडला तरी कागदावर पंधरा हजार डॉलर दंड आणि सहा महिने कैद इथवर मजल जाऊ शकते. कुठवर न्यायची, हे बरंचसं समोरच्या माणसाला तुम्ही कसे वाटता त्यावर ठरतं. मी मान डोलावली. मितभाषी माणसाचा उपदेश ऐकायला फार सोपा असतो.

सकाळ छान गेली, म्हणजे मित्राची. त्याची तीन बदकं झाली, माझं एक. तेही माझ्याच गोळीने पडलं असं तो म्हणाला आणि मी वाद घातला नाही. आठच्या सुमारास पाणकणसांतून एक छोटी होडी आली. हिरव्या गणवेशातला माणूस हसून म्हणाला, "गुड मॉर्निंग. काय, मिळालं का काही?"

"चार," मित्र म्हणाला.

इथे मी गप्प बसायचं होतं. "चार दिसतायत," मी म्हणालो, "पण एक बहुतेक माझ्याकडून जखमी होऊन तिकडे पडलं. नक्की माहीत नाही. नसेलही पडलं." मित्राने डोळे मिटले.

परवाना काढायला पाकीट उघडलं, तर परवान्याला चिकटून वीस डॉलरची नोट बाहेर आली. त्याने नोटेकडे पाहिलं. त्याने काही विचारायच्या आत मी खुलासा सुरू केला, की ही लाच नाही, आमच्याकडे ट्रॅफिकच्या हवालदाराला कधी कधी असं काही देतात, पण मी स्वतः ते फक्त दोनदाच... मित्र खोकला. त्याला सर्दी नव्हती.

मग डक स्टॅम्प. बदकांच्या शिकाऱ्याने घ्यायलाच लागणारं, १९३४ पासून दरवर्षी निघणारं हे पंचवीस डॉलरचं तिकीट. त्याच्या पैशांतून पाणथळ जागा राखल्या जातात, आणि चित्रासाठी चित्रकारांची चुरस असते. हल्ली मोबाइलवरचं चालतं. तेव्हा कागदी तिकीट घ्यायचं आणि त्याच्यावर शाईने आडवी सही करायची. लहानपणी मी तिकिटं जमवायचो. इतक्या देखण्या तिकिटाच्या तोंडावर माझी सही खरडणं जिवावर आलं, म्हणून ते प्लास्टिकच्या पाकिटात कोरं ठेवलं होतं. हेही मी सांगितलं, अल्बमसकट, पोर्तुगीज भारताच्या तिकिटापर्यंत. तो शांतपणे ऐकत माझ्या बंदुकीच्या नळकांड्यात काडतुसं सारत होता. एक गेलं. दुसरं गेलं. तिसरंही गेलं.

बंदूक मित्राची. नळकांड्यात दोनच मावावीत, नळीतलं धरून तीन, म्हणून बसवायचा लाकडी प्लग रात्री साफ करताना काढला, तो गॅरेजमध्येच राहिला होता. पण हातात ज्याच्या बंदूक, गुन्हा त्याचा.

"ठीक," अधिकारी म्हणाला. "प्लगचा दंड लिहितो. तिकिटावर सही आत्ता माझ्यासमोर करा, त्याची फक्त समज देतो. आणि ते जखमी बदक. पहाटेपासून मी पलीकडच्या काठावरून दुर्बिणीने बघतोय, मला तिकडे काही पडलेलं दिसलं नाही. पण तुम्ही पडलं म्हणताय, तर शोधायला हवं."

जखमी पक्षी शोधायचा मनापासून प्रयत्न करायचा, हाही नियम. तो पुस्तिकेत होता, मला पाठही होता. छातीपर्यंतच्या रबरी विजारीत मित्र पुढे आणि मी मागे, असे आम्ही न पडलेलं बदक शोधत चिखलातून फिरलो. माझ्या विजारीला गुडघ्याशी भोक होतं. हे मी कोणालाही सांगितलं नाही, आणि सकाळभरात लपवलेली तेवढी एकच गोष्ट पायांत बर्फ होऊन साठत गेली. तासाभराने अधिकाऱ्यालाच दया आली. जाताना त्याने मित्राचा खांदा थोपटला. माझा नाही.

घरी बायकोने बदकाचा मालवणी मसाला घालून रस्सा केला आणि महाराष्ट्र मंडळातल्या एका काकांना जेवायला बोलावलं. दुसऱ्या घासाला काकांच्या दाताखाली कट्ट असं वाजलं. त्यांनी प्रश्नार्थक चेहऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी ताबडतोब सांगितलं, की छर्रा पोलादी आहे, शिशाचा नाही, परवाना कपाटात आहे, तिकिटावर आता सही आहे, प्लगचा दंड भरलाय, आणि ती वीसची नोट निव्वळ चिकटली होती.

काका म्हणाले, "नाही रे, मला वाटलं, भातात खडा आला."