पोटभाडेकरू

कोलकात्याच्या न्यू टाउनमध्ये नकलेला कुणी नाक मुरडत नाही. इको पार्कात ताजमहाल, पिरॅमिड, चीनची भिंत, कोलोसियम अशी जगातली आश्चर्यं एकाच आवारात नांदतात. जवळच मेणाच्या पुतळ्यांचं संग्रहालय आहे. रविवारी कुटुंबंच्या कुटुंबं त्या ताजमहालासमोर उभी राहून मनापासून फोटो काढतात आणि आग्रा राहून गेल्याचं दुःख कुणाच्याही चेहऱ्यावर दिसत नाही. अशा गावात राहून मी लॅपटॉपच्या पोटात एक नकली संगणक पाळला, तर त्यात नवल ते काय!

माझा लॅपटॉप लिनक्सवर चालतो. लिनक्समध्ये व्हर्च्युअलबॉक्स हे नकली संगणक उभं करणारं सॉफ्टवेअर आणि व्हर्च्युअलबॉक्समध्ये विंडोज एक्सपी. २००१ साली जन्मलेला आणि ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने रीतसर निवृत्त केलेला. ऑफिसातली पोरं माझ्या पडद्यावर ती हिरवी टेकडी पाहतात आणि विचारतात, "दादा, एक्सपी? केनो?"

या बंगाली 'का'चं उत्तर म्हणजे साताऱ्याची मावशी. तिने पूर्वी आजोबांच्या आठवणी डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेऊन छापल्या होत्या. प्रती नातेवाइकांत संपल्या, आता दुसरी आवृत्ती हवी. डीटीपीवाल्याने दुकान कधीच गुंडाळलं, उरली एक सीडी. सीडीत पानं जुळवणाऱ्या पेजमेकरची फाइल आणि फाइलमधला मजकूर युनिकोडच्या आधीच्या जमान्यातल्या फाँटात. हे फाँट मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवायचे. फाँट हाताशी नसला की आजोबा सातारा सोडून थेट डॉलर, कंस आणि उद्गारचिन्हांच्या मुलखात निघून जातात. नव्या विंडोजवर पेजमेकर धड बसत नाही, लिनक्सवर तर त्याचं नावच काढू नये. "अरे, तुम्ही एवढे कॉम्प्युटरवाले, आणि एक फाइल उघडत नाही?" मावशीच्या या प्रश्नाला तांत्रिक उत्तर नसतं.

म्हणून एक्सपीला जागा दिली. गंमत अशी, की आपण पोटभाडेकरू आहोत हे त्याला ठाऊकच नाही. तो अख्खं घर आपलं समजून वावरतो. तो जिला हार्ड डिस्क समजतो, ती माझ्या डिस्कवरची एक फाइल आहे. त्याचं नेटवर्क कार्ड निव्वळ भास. माझ्याकडच्या १६ जीबी रॅममधली ५१२ एमबी मी त्याच्या नावे केली. ज्याचं ६४ एमबीवर भागायचं, तो एवढ्यावर खूश. काही सेकंदांत उठून कामाला लागतो, जे माझ्या लॅपटॉपलाही रोज जमत नाही.

हा उद्योग आजचा नव्हे. आयबीएमने १९७२ साली व्हीएम/३७० काढलं, तेव्हाच एका मेनफ्रेमवर बसलेल्या प्रत्येकाला सगळं यंत्र आपल्या एकट्याचं वाटू लागलं होतं. टेबलावरच्या इंटेलच्या प्रोसेसरला मात्र हे सोंग वठेना. त्याच्या काही आज्ञा अशा होत्या, की पोटातल्या प्रणालीने दिल्या तर तो तक्रार न करता गुपचूप भलतंच करायचा. व्हीएमवेअरने १९९९ साली अशा आज्ञा धावता धावता बदलून घेण्याची युक्ती बाजारात आणली. २००५ मध्ये इंटेलने ही सोय प्रोसेसरमध्येच घातली. तरी पुष्कळ लॅपटॉपांत ती बायोसमध्ये बंद करून ठेवलेली असते, चपला कपाटात कुलपात ठेवणाऱ्या माणसाच्या चोखपणाने.

निवृत्त एक्सपीला इंटरनेटवर सोडणं धोक्याचं, म्हणून त्याची नेटवर्कची तार मी सेटिंगमध्ये काढून ठेवली आहे. त्याने आत काय हवा तो गोंधळ घालावा, बाहेर शिंतोडा उडता कामा नये. शेजारच्या दादांना हे सांगितलं, तर ते खो-खो हसले. "म्हणजे मराठा डिच!" १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालात शिरल्या, तेव्हा कोलकात्याने धास्तीने शहराभोवती खंदक खणायला घेतला. इथल्या अंगाईत आजही मराठे स्वार, म्हणजे बर्गी, येतात. खंदक पुरा झाला नाही, मराठे कोलकात्यात शिरले नाहीत, आणि पुढे खंदकाचा बराचसा भाग बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. "आणि खरे बर्गी आले ते नोकरीचं पत्र घेऊन, दमदमला विमानातून उतरून," दादा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, आणि संदेश मिठाई पुढे केली.

खंदक कितीही चांगला असो, त्यावर एक पूल लागतोच. इथे त्याचं नाव शेअर्ड फोल्डर. एक्सपीत जुना फाँट बसवून पेजमेकर उघडला, आजोबा मराठीत बोलू लागले आणि मजकूर त्या पुलावरून बाहेर आला. युनिकोडमध्ये बदलताना रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसले, पहिली वेलांटी आपलं अक्षर सोडून आधीच्याला बिलगली. जुन्या फाँटांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होई आणि रफार नंतर. युनिकोडचा क्रम बरोबर उलटा. मावशी सध्या व्हॉट्सअॅपवर मुद्रितं तपासते आहे. "बारावं पान. 'कीर्तना'चा रफार कुठे हरवलास?"

अशा सीड्या तुमच्याही घरी, मंडळाच्या कपाटात किंवा एखाद्या दिवाळी अंकाच्या कचेरीत पडलेल्या असतील. त्या आजच शोधा. भाच्या-पुतण्याला कामाला लावा, लॅपटॉपात जुन्या विंडोजला थोडी जागा द्या आणि मराठी मजकूर युनिकोडमध्ये बाहेर काढून घ्या. एक्सपी पोटात आणखी पुष्कळ वर्षं मुक्काम करील. सीडीचा मात्र तेवढा भरवसा धरू नका.