तोंडी लावण्यापुरता सिनेमा

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ‘मायनर’ विषयांची सोय केली आणि सिनेमालाही महाविद्यालयात मागच्या दाराने शिरता आले. अर्थशास्त्र मुख्य, चित्रपट तोंडी लावायला. आंतरविद्याशाखीय म्हणजे इतिहासवाल्यांनी सनावळी सांगायची, मराठीवाल्यांनी कथानक, आणि प्रोजेक्टर कोणाच्या ताब्यात यावरून दोघांनी भांडायचे. वास्तविक फाळके चित्रकला, छायाचित्रण, छपाई, झालेच तर जादूही शिकून १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’पर्यंत पोचले. तेव्हा विषय उथळ असल्याचा आक्षेप टिकत नाही. नोकरीचे काय, हा पालकांचा प्रश्न रास्तच. तो मुख्य विषयालाही एकदा विचारून पाहावा. खरी अडचण वेळापत्रकाची आहे. अडीच तासांचा सिनेमा पन्नास मिनिटांच्या तासिकेत मावत नाही, त्यामुळे मध्यंतर पुढच्या मंगळवारपर्यंत चालते.