मस्तान नाका ते ओसाका

मनोरचे एक काका तारापूरच्या अणुवीज केंद्रातून निवृत्त झाले. केंद्र 1969 पासून वीज देतंय, त्यामुळे विजेच्या बाबतीत घरात काकांचा शब्द शेवटचा. पावसाची पहिली सर येऊन लाइट गेली की शेजारी अजूनही त्यांनाच जाब विचारतात. ओसाकाला लेकीकडे जायचं ठरलं आणि काकूंनी मिक्सर उचलून बॅगेशेजारी ठेवला, तेव्हा काकांमधला अधिकारी जागा झाला.

"अगं, तिथं शंभर व्होल्ट!"

"मग घ्या की अ‍ॅडॉप्टर."

अ‍ॅडॉप्टर पिनांचा आकार जुळवतो, व्होल्टेज बदलत नाही, हे समजावण्यात एक अख्खा चहा थंड झाला. आपल्या तीन गोल पिना इंग्रजांच्या. गंमत अशी की 1947 साली, म्हणजे इथून गाशा गुंडाळला त्याच वर्षी, त्यांनी स्वतःसाठी चपट्या चौकोनी पिनांचं नवं मानक काढलं आणि गोल पिना आपल्या गळ्यात राहिल्या. मोबाइलच्या चार्जरवर '100-240 व्होल्ट' असं बारीक अक्षरांत छापलेलं असतं, तो कुठेही निभावतो. आपला 230 व्होल्टचा मिक्सर तिथं चटणी वाटण्याऐवजी नुसता गुणगुणेल. यादीत पाण्याचा रॉडही होता. काकांनी लग्नपत्रिकेच्या पाठीवर गणित मांडलं: व्होल्टेज निम्म्याहून कमी, पण ताकद पाचव्या हिश्शाच्याही खाली. मनोरला पंधरा-वीस मिनिटांत तापणारी बादली ओसाकाला दीड तास घेणार.

त्यात टोकियोला 50 हर्ट्झ आणि ओसाकाला 60. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोनं जर्मन जनित्रं घेतली, ओसाकानं अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकची. ती फाळणी आजही कायम आहे. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या याच जनरल इलेक्ट्रिकच्या. त्यामुळे सोयऱ्यांची भानगड सांगावी तशी काका ही गोष्ट आवाज खाली आणून सांगतात.

मस्तान नाक्यावर 'सगळ्या जगात चालतो' असा एक ठोकळा मिळाला. विकणारा जगात कुठवर गेला होता, ते काकांनी विचारलं नाही.

पैशांचं काम बोईसरला. पासपोर्ट, पॅन, व्हिसा, तिकीट अशा झेरॉक्सच्या चळती दिल्यावर कळलं, येन मागवावे लागतील, दोन दिवसांनी या. एका येनला पुरता रुपयाही पडत नाही हे ऐकून काकूंना एकदम श्रीमंत वाटू लागलं. हातात आलेल्या दहा हजारांच्या नोटांवर मात्र दोन वेगवेगळे गृहस्थ होते. जपाननं जुलै 2024 मध्ये नव्या नोटा काढल्या, जुन्याही चालतात. पण 8 नोव्हेंबर 2016 ची रात्र पाहिलेल्या माणसाला 'जुनी नोट चालते' हे कोण पटवणार? काकूंनी जुन्या नोटा वेगळ्या रुमालात बांधल्या, उतरल्याबरोबर आधी त्याच खपवायच्या म्हणून.

लेकीनं मागे पाठवलेलं पाच येनचं भोकाचं नाणं त्यांना मनापासून आवडलं. त्यांच्या आजीच्या डब्यात 1943 चा भोकाचा पैसा होता, अगदी तस्साच.

निघायच्या आदल्या रात्री मिक्सर फळीवर परत गेला, आणि काकांनी सुटकेचा श्वास सोडला. मग बॅग काट्यावर चढवली. मर्यादा तेवीस किलोंची, काटा सत्तावीसवर. आत लोखंडी खलबत्ता होता.

"याला व्होल्टेज लागत नाही," काकू म्हणाल्या.

काकांनी मुकाट्यानं आपले दोन स्वेटर बाहेर काढले.