याची प्लेट कुठाय?

नवा लॅपटॉप, चालू मॉनिटर, कोरा कन्व्हर्टर. तिन्ही धडधाकट, आणि पडद्यावर ‘नो सिग्नल’. कुंडलातल्या आमच्या घरात हे चार दिवस चाललं होतं.

पुतणी पुण्यातल्या कंपनीचं काम आठवड्यातले तीन दिवस गावातून करते. लॅपटॉपच्या एवढ्याशा पडद्यावर दिवसभर आकड्यांचे तक्ते बघून तिची मान धरते, म्हणून जुन्या कॉम्प्युटरचा मॉनिटर पुसूनबिसून टेबलावर घेतला. नव्या लॅपटॉपला तोंडं दोनच, दोन्ही टाइप-सी. दुकानदारानं कन्व्हर्टर दिला, कुठल्याही तोंडात लावा म्हणाला. चाललं नाही तेव्हा म्हणाला, मॉनिटर जुना झालाय, नवा घ्या. मला राग आला तो इथं. चालती वस्तू अडगळीत टाकायचा सल्ला एवढ्या सहज कसा देता येतो?

चौथ्या दिवशी शेजारचे मोटर रिवायंडिंगवाले चहाला आले. लॅपटॉप उलटापालटा करून त्यांनी विचारलं, “याची प्लेट कुठाय?”

आमचा हा भाग पंपांचा. किर्लोस्करवाडी वसली १९१० साली, आणि तिथल्या स्टेशनाचं आधीचं नाव कुंडल रोड. विहिरीवर मोटर बसवायची तर इथला शेतकरी आधी तिच्या अंगावरची प्लेट वाचतो. एचपी किती, व्होल्ट किती, फेज कुठला, हेड किती मीटर. पाइपाचा आटा बसला म्हणजे पाणी चढेल, असं इथं कुणी मानत नाही.

कॉम्प्युटरच्या दुनियेत मात्र नेमकं तेच मानायला लावतात. टाइप-सीचा आराखडा २०१४ सालचा. २४ पिना, उलटंसुलटं कसंही बसतं, ही सोय मोठीच. पण त्या तोंडातून चित्र बाहेर पाठवायचं की नाही, हे लॅपटॉप बनवणाऱ्याच्या मर्जीवर. एकातून चित्र जातं, दुसऱ्यातून फक्त चार्जिंग आणि पेनड्राइव्ह, आणि बाहेरून दोन्ही जुळी भावंडं. केबलचंही तसंच. मोबाईलबरोबर आलेली सी-केबल दोन्हीकडं घट्ट बसते, पण त्यातल्या बऱ्याच केबलींत चित्र नेणाऱ्या तारा घातलेल्याच नसतात. भारतीय मानक ब्युरोनं जानेवारी २०२३ मध्ये टाइप-सीचं मानक जाहीर केलं, ते चांगलंच झालं. पण तोंड एक झालं म्हणून पोटातलं काम एक होत नाही.

मोबाईलचा टॉर्च लावून आम्ही ती दोन तोंडं पाहिली. एकाच्या शेजारी, काळ्यावर करड्या रंगात, तिळाएवढी खूण होती. ‘डी’च्या पोटात ‘पी’. म्हणजे डिस्प्लेपोर्ट, चित्र इथून जाणार. दुसऱ्याजवळ काहीच नव्हतं, आणि आमचा कन्व्हर्टर चार दिवस त्याच दुसऱ्यात होता. काही लॅपटॉपवर विजेच्या बाणाची खूण असते, थंडरबोल्टची, तिथूनही चित्र जातं. आणि कित्येकांवर कसलीच खूण नसते.

तेव्हा मॉनिटर भंगारात घालण्याआधी एवढं करा. मॉनिटरच्या बटणातून सोर्स बदलून बघा. विंडोज आणि पी ही बटणं एकदम दाबा. तोंड बदला, मग केबल बदला. डेस्कटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर वायर कार्डालाच लावा, मदरबोर्डाला नको. मॉनिटरला नुसतं निळं, १५ भोकांचं व्हीजीए असेल तरी तो बाद नाही. ते तोंड १९८७ सालचं, व्होल्टेजच्या चढउतारावर चालणारं. नव्या मशीनमधून निघतात आकडे. मधे आकड्यांचं व्होल्टेज करणारी चिप लागते, म्हणून नुसती जोडवायर घेऊ नका, चिप असलेला कन्व्हर्टर मागून घ्या. तो एकाच दिशेनं चालतो, कुठल्या तेही दुकानातच विचारा.

पण हे सगळं घेणाऱ्यानं टॉर्च लावून का शोधायचं? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ वस्तूचा दर्जा, प्रमाण, मानक, किंमत कळण्याचा हक्क देतो. मग प्रत्येक तोंडाशेजारी ठसठशीत छापा. इथून चित्र जातं, इथून जात नाही, केवढ्या पडद्यापर्यंत जातं. खोक्यावर मराठीतही छापा. पाच एचपीच्या मोटरला जमतं ते साठ हजारांच्या लॅपटॉपला न जमायला काय झालं?

“साठ हजाराचं यंत्र आन् प्लेट न्हाई,” रिवायंडिंगवाले उठता उठता पुन्हा म्हणाले. त्यांच्याकडं उघडलेल्या मोटरच्या तारांना खुणेच्या चिठ्ठ्या बांधलेल्या असतात. पुतणीनं आतून नेलपॉलिशची बाटली आणली आणि खुणेच्या तोंडाशेजारी लाल ठिपका दिला. तो वाळेपर्यंत मॉनिटरवर तक्ते उघडले होते.